पाय उचलायचा नाही

आजोबांची अट एकच होती. गाडीची किल्ली हवी असेल तर आधी एक अख्खा दिवस ओल्या मैदानावर घालवायचा आणि गाडी निदान पाच वेळा गरकन फिरू द्यायची. "जपून जपून चालवलीस तर ही गाडी तुला कळणारच नाही," ते म्हणाले. "मग एक दिवस ती आपणहून कळेल, आणि तेव्हा समोर झाड असेल."

आजोबा म्हणजे आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी. स्टुटगार्टच्या पश्चिमेला, लेओनबर्गजवळ आम्ही राहतो. त्यांचं वय चौऱ्याहत्तर, उभा जन्म गिअरबॉक्स जोडण्यात गेला. पहिली दोन वर्षं आमचं बोलणं जिना झाडण्याच्या पाळीपुरतंच होतं. इथे श्वाबेनमध्ये कोणत्या आठवड्यात कुणी जिना झाडायचा हे ठरलेलं असतं आणि त्यात चूक खपत नाही. एका एप्रिलमध्ये ऑफिसातून येताना त्यांच्या गॅरेजचं दार उघडं दिसलं. आत लाल पोर्शे ९११. मी थांबले, वाकून मागच्या चाकाकडे बघितलं आणि विचारलं, "टॉर्शन बार अजून मूळचेच आहेत का?" म्हणजे स्प्रिंगचं काम करणारे, पिळ खाणारे पोलादी दांडे. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्या दिवसापासून ते मला 'झी' म्हणजे 'तुम्ही'ऐवजी 'डू', म्हणजे 'तू' म्हणायला लागले. जर्मनमध्ये ही जवळीक मोठ्या माणसाने आपणहून द्यायची असते. मी मात्र त्यांना मनातून 'तुम्ही'च म्हणते, म्हणून इथेही तसंच लिहिते आहे.

गाडी १९८६ सालची, कॅरेरा ३.२. आडव्या सहा सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन, २३१ अश्वशक्ती, वजन बाराशे किलोच्या आसपास. या लाल रंगाचं जर्मन नाव 'इंडिशरोट', म्हणजे भारतीय लाल. नंबरप्लेटवर शेवटी 'एच', कारण तीस वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना इथे तो मिळतो. बाजूला ०४ आणि १०, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच ती रस्त्यावर येणार. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते आजोबांना गाडीच्या अंगाला लागू द्यायचं नसतं.

मी ब्रेकच्या चाचण्यांचं काम करते. वजन कुठून कुठे सरकतं, कोणत्या चाकावर किती येतं, हा माझा रोजचा हिशोब. त्यामुळे कागदावर मला सगळं येत होतं. बाराशे किलोतलं साधारण साठ टक्के वजन मागच्या दोन चाकांवर. गिअरबॉक्स मागच्या आसाच्या पुढे आणि इंजिन आसाच्या मागे, पार बंपरला टेकलेलं. रेसच्या गाड्यांत इंजिन मागे असतं असं आपण सरसकट म्हणतो, पण बहुतेक गाड्यांत ते ड्रायव्हरच्या पाठीशी, आसाच्या पुढे असतं. आसाच्याही मागे टांगलेलं इंजिन हे प्रकरणच निराळं.

त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे आणि तो मला शाळेत नव्हे, आप्पांकडून मिळाला. माझ्या आईचे वडील फलटणच्या बाजूला बैलगाडीने कारखान्यावर ऊस घालायचे. गाडी भरताना वजन मागे गेलं की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर भार उरत नाही. गाडी उलाळ झाली म्हणायचे. उलाळ गाडी ओढता येते, पण वळवायला गेलं की बैलांच्या मानेला धरच राहत नाही. चढाला तसं व्हायला लागलं की आप्पा टुणकन पुढे येऊन धुरेवर बसायचे, स्वतःचं वजन तिथे टाकायचे. मी सातआठ वर्षांची असेन. उसाच्या मोळ्यांवर बसून मी हे कितीदा पाहिलं होतं. हॉकेनहाइमच्या मैदानावर जे शिकले त्यातलं निम्मं तिथेच बघून झालं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पण मैदानाआधी गाडीत बसणं आलं.

किल्ली स्टिअरिंगच्या डावीकडे. समोर पाच गोल डायल, त्यात मधोमध सगळ्यांत मोठा इंजिनाच्या फेऱ्यांचा. पेडल वरून लोंबत नाहीत, जमिनीतून वर येतात. आमच्या गावच्या देवळात एक जुनी पायपेटी होती, तिच्या पायट्यांची मला आठवण झाली. सवय झाल्यावर हे पेडल आवडायला लागतात, कारण ब्रेकवर पाऊल ठेवून तेच पाऊल उजव्या कडेला जरा कलतं केलं की ॲक्सिलरेटरही दाबता येतो. खालचा गिअर टाकताना इंजिनाच्या फेऱ्या वाढवून घ्यायला ते फार कामाचं. स्टिअरिंगला पॉवर नाही. उभ्या गाडीत ते फिरवताना दंडात कळ येते, आणि चाकं जरा फिरायला लागली की तेच स्टिअरिंग हलकं होऊन बोलू लागतं. पुढे वजन कमी, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक उंचसखलपणा हाताला लागतो. डांबराचा जोड, पांढऱ्या पट्ट्याची जाडी, पाणी वाहून आलेली बारीक खडी. आजच्या गाड्यांत हे सगळं गाळून टाकलेलं असतं. इथे ते तळहातात येतं.

गिअरबॉक्सबद्दल आजोबांनी फार कमी सांगितलं, पण जे सांगितलं ते हात धरून सांगितलं. या १९८६ च्या ९११ ला ९१५ या क्रमांकाचा गिअरबॉक्स आहे. पुढच्या वर्षी तो बदलला. या जुन्यात घाई चालत नाही, विशेषतः तेल गार असताना. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये न्यूट्रलला क्षणभर थांबायचं. आजोबांनी माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि इंजिन बंद असतानाच वीसेक वेळा दांडा फिरवून घेतला. त्या थांब्यात त्यांच्या बोटांचा दाब पूर्ण सुटायचा, मग गिअर आपणहून आत ओढल्यासारखा जायचा. त्या बोटांनी असे हजारो गिअरबॉक्स जोडले होते.

तेल बघायची तऱ्हाही उलटीच. बाकीच्या गाड्यांत इंजिन थंड आणि बंद असताना डिपस्टिक काढतात. इथे तेल इंजिनाच्या तळाशी नसून उजव्या मागच्या चाकाजवळच्या वेगळ्या टाकीत असतं, म्हणून गाडी गरम झालेली, सपाटीला उभी, इंजिन चालू, तेव्हाच बघायचं. थंड इंजिनावर बघून "तेल कमी आहे" म्हणत वर लिटरभर ओतणारे लोक आजोबांनी खूप पाहिले आहेत. आणि चाकांतली हवा, पुढे २.० बार, मागे २.५. यात अर्ध्या बारचीही हयगय ते करत नाहीत. मागचं रबर जास्त कडक ठेवलं तरच गाडीचं बूड ताब्यात राहतं. अमेरिकेत १९६० साली शेव्हरोलेची कोर्व्हेअर आली, तिचंही इंजिन मागे, हवेवरचं, सहा सिलिंडरचं. तिला पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय हवा सांगितलेली होती. पेट्रोल पंपावर चारी चाकांत सारखीच हवा भरून घेणाऱ्याला आपण गाडीचं वळणं बदलून टाकलं आहे याचा पत्ताही नसायचा.

जूनच्या एका शनिवारी आम्ही दोघं हॉकेनहाइमला गेलो. तिथे रेसच्या ट्रॅकला लागून सरावाचं मैदान आहे. आठ गाड्या होत्या, त्यांतल्या तिघींची इंजिनं मागे. शिकवणारी बाई माझ्याच वयाची, हातात वॉकीटॉकी, आणि दिवसभरात सगळ्यांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द 'ब्लिक', म्हणजे नजर. जिकडे जायचं तिकडे बघ, जिकडे घसरते आहेस तिकडे नको.

सुरुवात सरळ रेषेत ब्रेक दाबण्यापासून झाली, आणि माझ्या धंद्यातली असूनही मी चकित झाले. या गाडीत एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. तरी ती नाक न खुपसता, चारी पंजे रोवून जनावर थांबावं तशी थांबली. हिशोब नंतर मी रात्री कागदावर केला. जोरात ब्रेक लावला की एकूण वजनाच्या सतराअठरा टक्के भार मागून पुढे सरकतो. इंजिन पुढे असलेल्या गाडीत आधीच साठ टक्के पुढे असतं, ते अठ्ठ्याहत्तरच्या घरात जातं आणि मागचे ब्रेक जवळजवळ रिकामे बसून राहतात. इथे चाळीसचे अठ्ठावन्न होतात, मागे बेचाळीस उरतात, आणि चारही चाकं कामाला लागतात. ज्या मांडणीला लोक चूक म्हणतात, ती ब्रेकवाल्याच्या नजरेतून पाहिली तर देखणी आहे. हे मी त्या दिवशी आजोबांना सांगितलं तेव्हा ते नुसते मान हलवत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी आजवर न पाहिलेलं समाधान होतं.

मग गोल मैदान. गुळगुळीत पृष्ठभाग, कडेच्या नळ्यांतून सतत पाणी. दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास, गोल गोल फिरत राहायचं आणि वेग हळूहळू वाढवायचा. आधी काय होतं, तर गाडी वळतच नाही. पुढची चाकं हलकी, उलाळ. स्टिअरिंग आणखी पिळलं तरी नाक बाहेरच सरकत जातं. हाताला ते आधी कळतं, स्टिअरिंग एकाएकी पोकळ लागतं.

"आता पाय उचल," वॉकीटॉकीत आवाज आला.

मी पाय उचलला. एक क्षण नाक आत आलं, इतकं छान आलं की मला वाटलं जमलं. मग माझ्या पाठीमागून काहीतरी निघालं. सांगायला दुसरा शब्द नाही, माझ्या कमरेखालून गाडीचा मागचा अर्धा भाग वेगळा होऊन पुढे निघाला. सुरुवात संथ असते, हे सगळ्यांत फसवं. हातोडा दांड्याच्या टोकाला धरून फिरवून बघा, हलायला वेळ घेतो आणि एकदा फिरला की थांबवणं हातात राहत नाही. मी गोठले. दीड फेरा होऊन गाडी उलट्या तोंडाने उभी राहिली, इंजिन बंद पडलं, काचेवर पाणी, आणि आत गरम तेलाचा वास. आजोबा शेजारी हात मांडीवर ठेवून बसलेले. "एक," ते म्हणाले.

झालं होतं ते असं. पाय उचलला की भार पुढे सरकतो, मागची चाकं हलकी होतात. वळताना गाडीला बाहेर फेकणारा जोर तेवढाच असतो, पण त्याला धरून ठेवणारी मागची पकड कमी झालेली. त्यात या पिढीच्या ९११ मध्ये मागची चाकं धरून ठेवणारे आर्म असे आहेत की भार सुटल्यावर चाकांचा कोनही नको तसा बदलतो. आणि सगळ्यांत जड वस्तू सगळ्यांत टोकाला. हे मला येत होतं, परीक्षेत लिहिता आलं असतं. पायाला येत नव्हतं.

दोन, तीन, चार. चौथ्या वेळी मी उलटं स्टिअरिंग देऊन गाडी पकडली. मला आनंद झाला आणि त्या आनंदातच ती दुसऱ्या बाजूला सुटली. हा दुसरा झोका पहिल्याहून वाईट असतो. मागचं वजन परत येताना झुल्यासारखा जोर घेऊन येतं, आणि तोवर आपले हात पहिल्याच बाजूला वळलेले असतात. गाडी पकडणं म्हणजे निम्मंच काम. पकडल्या क्षणी स्टिअरिंग सरळ करून ती सोडूनही द्यावी लागते. "आणि गेलीच तर भांडू नकोस," बाई म्हणाल्या, "क्लच, ब्रेक, दोन्ही पाय खाली, आणि थांबेपर्यंत वर घेऊ नकोस."

जेवणाच्या सुट्टीत मी फारशी बोलत नव्हते. मला एक गोष्ट छळत होती. भीती वाटली की उजवा पाय वर येतो, हे मला कुणी शिकवलेलं नाही. पुण्यात मी बाबांच्या टाटा नॅनोवर गाडी शिकले. (तिचंही इंजिन मागेच, ६२४ सीसीचं, दोन सिलिंडरचं. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, पुढे १३५ आणि मागे १५५ मिलिमीटर. ९११ मध्येही मागचे टायर जास्त रुंद असतात, त्याच कारणासाठी.) चिंचवडच्या रस्त्यावर रिक्षा आडवी आली, पाय वर. म्हैस दिसली, पाय वर. त्या सवयीने मला आणि दुसऱ्यांना कितीदा वाचवलं असेल. आता या गाडीत वळणाच्या मध्यावर नेमका तोच पाय मला खड्ड्यात घालणार होता. नवीन काही शिकणं सोपं असतं. जी गोष्ट शरीराने जीव वाचवण्यासाठी पाठ केली आहे, ती वळणापुरती विसरायला सांगणं फार अवघड.

आजोबा ब्रेडला लोणी लावत जुन्या गोष्टी सांगत होते. १९६३ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ नावाने आली. मध्ये शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आपले आहेत, असं प्युजोने म्हटल्यावर ९११ झाली. पहिल्या गाड्या शेपटीला इतक्या चंचल होत्या की पुढच्या बंपरच्या दोन टोकांना अकरा अकरा किलोची वजनं बसवावी लागली. आप्पा धुरेवर बसायचे तेच, फक्त लोखंडात. १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेली आणि एका बॅटरीऐवजी दोन छोट्या बॅटऱ्या नाकाच्या दोन कोपऱ्यांत ठेवल्या. मग रुंद टायर, मागचे पंख. सत्तरच्या दशकाच्या शेवटी कंपनीला ही गाडी बंदच करायची होती, पुढे इंजिन असलेली ९२८ तिची जागा घेणार होती. १९८१ मध्ये पीटर शुट्झ प्रमुख झाले. सांगतात की त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यात ९११ ची संपत आलेली रेघ पेनाने पुढे ओढली, तक्ता संपला तरी भिंतीवर ओढत नेली. आजोबांची गाडी त्या रेघेच्या लांबलेल्या भागातली आहे. पुढे १९८९ मध्ये टॉर्शन बार जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या, १९९३ मध्ये मागची सस्पेन्शन पूर्ण नव्याने बांधली गेली, १९९८ मध्ये हवेवरचं इंजिन संपलं. इंजिनाची जागा तीच राहिली. साठ वर्षं एका अडचणीशी झटत राहिलेल्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

"पण मग मागे ठेवायचंच कशाला?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, त्यांच्या तोंडून हवं होतं.

"बर्फात विचार," ते म्हणाले.

ज्या चाकांना ओढायचं आहे त्यांच्याच डोक्यावर इंजिन बसलेलं असतं. वेग घेताना भार आणखी मागे जातो, पकड आणखी वाढते. १९६८, १९६९, १९७० अशी लागोपाठ तीन वर्षं माँटे कार्लो रॅली ९११ ने जिंकली. १९७१ आणि १९७३ मध्ये फ्रान्सच्या अल्पीन ए११० ने, आणि तिचंही इंजिन मागेच. आल्प्सच्या बर्फाळ घाटांत ज्याचं मागचं चाक नुसतं फिरत बसत नाही तो पुढे निघतो.

दुपारी पुन्हा गोलावर. अकराव्या फेरीला ते घडलं. नाक बाहेर सरकायला लागलं. मी पाय उचलला नाही, फक्त बोटांतला ताण सोडला, केसभर. नाक आत आलं. मागचा भाग हलायची तयारी करतो आहे हे सीटमधून, माकडहाडापाशी कळलं. तेवढ्यात तोच केसभर पाय परत खाली. मागचा भाग बसला. गाडी कडेने गोल फिरत राहिली, स्टिअरिंग जवळजवळ सरळ, आणि ती माझ्या पायाच्या अंगठ्यावर वळत होती. एक पूर्ण फेरी. दुसरी. वॉकीटॉकी गप्प. मी रडत होते हे मला नंतर कळलं.

त्यानंतर एक हलती पट्टी होती. गाडीचं मागचं चाक तिच्यावर येतं त्या क्षणी ती झटक्याने डावी किंवा उजवी सरकते. त्यात मी तीनदा पकडली, दोनदा गेली. आजोबांचे पाच तोपर्यंत केव्हाच होऊन गेले होते. परतताना हायवेवर त्यांनी किल्लीचा छल्ला काढून माझ्या पर्सच्या पट्ट्याला अडकवला.

रस्त्यावरचे पहिले दिवस मी घराजवळच काढले. लेओनबर्गच्या पलीकडे जंगलातून जाणारा सॉलिट्यूडचा जुना रेसमार्ग आहे, ११.४ किलोमीटरचा, १९६५ पर्यंत तिथे शर्यती व्हायच्या. आता ते साधे रस्ते आहेत, वेगमर्यादा आहेत, सायकलवाले आहेत. तिथे मी ताशी पन्नास-साठने फक्त क्रम पाठ केला. सरळ असताना ब्रेक. गिअर. ब्रेक सोडताना एकदम सोडायचा नाही, वळणात शिरेपर्यंत थोडा ठेवायचा, म्हणजे नाकावर भार राहतो आणि ते वळतं. इथे मला आप्पा धुरेवर बसलेले दिसायचे, प्रत्येक वळणाला. मग थांबायचं, नाक वळलं याची खात्री होईपर्यंत काही करायचं नाही. आणि मग उजवा पाय, आधी हलका, मग जड, आणि तो परत वर घ्यायचा नाही.

या शेवटच्या टप्प्यात जे मिळतं त्यासाठी लोक ही गाडी आयुष्यभर सोडत नाहीत. मागचा भाग खाली बसतो, दोन्ही मागची चाकं डांबरात रुतल्यासारखी होतात, आणि मागून ढकललं जाण्याची जी भावना येते ती दुसऱ्या कुठल्याही गाडीत मला आलेली नाही. इंजिन चार हजारांच्या वर गेलं की पंख्याचा आणि सिलिंडरचा आवाज एकमेकांत मिसळतात. तो आवाज समोरून येत नाही, आपल्या मागून पाठलाग करत येतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही काळ्या जंगलातल्या बी ५०० रस्त्यावर गेलो, बाडेन-बाडेनहून फ्रॉइडेनस्टाटकडे. हा रस्ता डोंगराच्या माथ्यावरून जातो. सकाळी ऊन होतं. मुमेलझेच्या तळ्याशी कॉफी घेईपर्यंत धुकं उतरलं आणि मग बारीक पाऊस. ओल्या रस्त्यावर ही गाडी मला कोरड्यापेक्षा वेगळी भीती दाखवते. मागचा भाग जरा बरा असतो, नाकच ऐकत नाही. म्हणून वेग आणखी कमी, हात आणखी मऊ.

रूहेश्टाइनच्या अलीकडे एक उजवं वळण होतं. आत शिरताना साधं वाटलं, पण मध्यावर ते आवळत गेलं, आणि तिथेच बीचच्या झाडांची ओली पानं रस्त्यावर पसरलेली. स्टिअरिंग हातात पोकळ झालं. समोर कठडा. उजव्या पायातला प्रत्येक स्नायू वर यायला निघाला, आणि मला तो येताना स्पष्ट जाणवला. मैदानावर हा क्षण मला कधीच दिसला नव्हता, नेहमी होऊन गेल्यावर कळायचा. आता तो दिसला. मी पाय वर येऊ दिला नाही. केसभर सोडला, नजर कठड्यावरून काढून वळणाच्या शेवटाला नेली, नाक आलं, पाय परत खाली. मागून एक हलकासा धक्का, चाकं पानांवरून डांबरावर आली, आणि वळण संपलं. सगळं मिळून दोन सेकंद.

आजोबांनी उजवा हात दाराकडून काढून गुडघ्यावर ठेवला. पाचेक किलोमीटर गेल्यावर म्हणाले, "पानांचं मी सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "मला दिसली होती." ते खरं नव्हतं, आणि पुढच्या वळणाआधी मी ते त्यांना सांगून टाकलं. त्या गाडीत बसून त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही.

गेल्या मे महिन्यात बाबा आमच्याकडे आले. बाबांची सगळी नोकरी आकुर्डीला बजाजच्या रिक्षांवर झाली, म्हणजे मागे बसवलेली, हवेवर थंड होणारी इंजिनं त्यांच्या हातून किती गेली त्याची मोजदाद नाही. मी त्यांना सॉलिट्यूडवर फिरवून आणलं. ते काही बोलले नाहीत, वळणावर फक्त मान तिरकी करून मागचा आवाज ऐकत होते. गॅरेजमध्ये परतल्यावर मी तेल बघितलं आणि इंजिन बंद केलं. गरम लोखंड टिक टिक वाजत गार होत होतं. बाबा मागच्या झाकणाशी वाकून उभे राहिले. त्यांना जर्मन येत नाही, आजोबांना मराठी येत नाही. बाबांनी पंख्याच्या पट्ट्यावर अंगठा ठेवून तो दाबला आणि आजोबांकडे बघितलं. आजोबांनी दोन बोटांत अंतर धरून दाखवलं, एवढा. बाबांनी पुन्हा दाबला, डोकं हलवलं, जरा सैल आहे. आजोबांनी वाकून स्वतः दाबून पाहिला. मग त्यांनी पान्ह्याचा खण उघडला आणि खांद्यावरचं फडकं काढून बाबांच्या हातात दिलं.